आंबिलीचे दोन दोन पेले

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉलच्या मैदानावर मला बंदी आहे. ती प्राचार्यांनी घातलेली नाही. माझ्या वडिलांनी घातली आहे. बाबा कॉलेजात आयुष्यात एकदाच आले, पण त्याच दिवशी त्यांनी हे काम उरकलं.

मी घरातला पहिला पदवीधर. पोलादपूरच्या पुढे डोंगरात आमचं गाव. तिथून रोज एसटीने महाडला जाऊन मी बी.कॉम. झालो आणि आता महाडातच एका शाळेत कारकून आहे. कॉलेजचे माझ्यावर उपकार आहेत. ते थोडे तरी फिटावेत म्हणून मी कॉलेजचा घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवत नसे. (स्वतः कधी खेळलो नाही. एकदाच चेंडू माझ्याकडे आला होता, तो नाकावर.) धाकटी बहीण अश्विनी संघात आल्यावर तर मी नियमांचं पुस्तक पाठ केलं आणि मैदानाच्या कडेने सल्ले देऊ लागलो. तिने मला दोनदा हात जोडले. मला वाटलं, आभार मानते आहे.

अडचण बाबांची होती. टोपलीला बूड नाही, टाकलेला चेंडू खाली पडतो, आणि त्यासाठी दहा पोरी धावतात, हे त्यांच्या शेतकरी बुद्धीला पटत नव्हतं. अश्विनीला पुढेही खेळायचं होतं. महिनाभर घरात अबोला झाल्यावर बाबा म्हणाले, "एक मॅच बघतो. दम दिसला तर खेळ. नायतर बॉल ठेवायचा आन् घरी यायचं."

सामना ठरला तो घाटावरच्या एका कॉलेजशी. ते लोक आंबेनळी घाट उतरून येणार होते. आमची सगळी तयारी मी जातीने केली. मुलींसाठी शास्त्रशुद्ध शक्तिवर्धक म्हणून नारिंगी रंगाची पावडर आणली. आईनेही काहीतरी आणलं होतं: दुधाच्या मोठ्या किटलीत नाचणीची आंबील, ताक आणि ठेचलेली लसूण घालून. आमच्या मुलींना ती नको होती. माझी नारिंगी पावडर पिऊन त्यांच्या जिभा आधीच केशरी झाल्या होत्या.

पहिल्या अर्ध्यात आम्ही त्यांना धुऊन काढलं. अठ्ठावीस-बारा! मी बाबांना आमच्या बचावाची रचना समजावून सांगत होतो. बाबा बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "त्या समोरच्या पोरी आजारी हायत काय रे?"

आजारीच होत्या. घाटातल्या वळणांनी त्यांची गाडी पाच ठिकाणी थांबवली होती आणि पहाटे खाल्लेलं सगळं घाटातच राहिलं होतं. मी ही माहिती बाबांना दिली नाही. आमच्या बचावाचं महत्त्व कमी झालं असतं.

पण मध्यंतर झालं आणि आईने त्यांच्या बाकाकडे पाहिलं. सात नंबरची उंच मुलगी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. आई किटली घेऊन उठली. अश्विनी धावत आली, "आई, मॅच संपल्यावर दे ना गो!"

"दारात आलेली पोर उपाशी ठेवून जिंकायचं?" आई म्हणाली. "असलं जिंकणं आपल्याकडं नाय."

इथे मी गप्प बसलो असतो, तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण मी अश्विनीला बाजूला घेतलं आणि जाणकार म्हणून कानात सांगितलं, की आंबिलीत ताक आहे, ताकाने झोप येते, पोटं जड होतील, दुसऱ्या अर्ध्यात पेंगतील. वाढू दे. तिचा चेहरा काही ठीक दिसेना. पण मी थोरला भाऊ, त्यात पदवीधर.

मग मी आईच्या हातातला डाव काढून घेतला आणि स्वतः वाढलं. दोन दोन पेले. लाजू नका, अजून घ्या. सात नंबरला तीन.

खेळ सुरू झाला आणि मी त्यांना झोप यायची वाट पाहू लागलो. पाच मिनिटं पाहिली. सहाव्या मिनिटाला सात नंबरने आमच्या तिघींना मागे टाकून टोपली गाठली, आणि मला एकदम एक गोष्ट आठवली. नांगरणीच्या दिवसांत बाबा सकाळी दोन पेले आंबील पिऊन शेतात उतरतात ते दुपारी वर येतात. लहानपणापासून मी हे दरवर्षी पाहिलं होतं. बी.कॉम.ला हा भाग नव्हता.

इकडे नारिंगी पावडर आपलं काम करत होती. आमची एक खेळाडू पोट धरून बसली, दुसरी सारखी पाणी मागू लागली. शेवटच्या टाइमआउटला अश्विनी धापा टाकत आईकडे आली. "आई, आंबील दे."

आईने किटली उलटी केली. तीन थेंब पडले. मग आईने, अश्विनीने आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डाव अजून माझ्याच हातात होता.

एकेचाळीस-बेचाळीस. आम्ही हरलो. शेवटची टोपली सात नंबरचीच. जाताना ती आईच्या पाया पडली आणि मलाही मनापासून 'थँक्यू दादा' म्हणाली. ते फार लागलं.

परतीच्या एसटीत अश्विनी खिडकीला डोकं टेकून बसली होती. बूट तिने पिशवीत टाकून पिशवीला गाठ मारली होती, कायमची मारावी तशी.  पोलादपूरला उतरायच्या वेळी बाबांनी ती पिशवी तिच्या मांडीवरून उचलली, गाठ सोडली आणि परत तिच्या हातात दिली.

"शेवटपर्यंत पळत होतीस. मी बघितलं," ते म्हणाले. "तू हरली नायस. तुला ह्यानं हरवली." मग माझ्याकडे वळले. "ती खेळंल. तू बघायला जायचं नाय."

मॅच संपल्यापासून अश्विनी पहिल्यांदा हसली. मी रडलो नाही, कारण पदवीधर आहे.

बंदी मी आजही पाळतो. सामना असला की कंपाउंडच्या भिंतीबाहेर उभा राहून आतल्या आवाजावरून गुण मोजतो. आई आत असते, किटली घेऊन; दोन्ही संघांना सारखीच वाढते. आणि कृतज्ञ माजी विद्यार्थी म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. मी आत जायचा थांबल्यापासून आमचा संघ घरच्या मैदानावर एकदाही हरलेला नाही.