थाळीकडे कान

कॉलेजच्या सहलीत औंढ्याच्या डोंगरातली रानफुलं दाखवायला तांड्यावरची एक बाई आमच्यासोबत आली होती. नाव कुणी विचारलं नाही. एखादं फूल दाखवलं, की ती लगेच मान वळवून खाली तांड्याकडे कान लावायची. तेरडा दाखवताना तर तिचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं.

गवताळ माळावरून सागाच्या झाडीत शिरलो. तिथं लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं एक फूल होतं. मी हात पुढे केला.

"नको पोरी, कळलावी हाय ती."

कळ लावणं म्हणजे भांडण लावणं, एवढंच मराठी माझ्या इंग्रजी शाळेनं शिकवलं होतं. "कोणाचं भांडण लागतं?" मी हळूच विचारलं.

ती हसली. "भांडणाची न्हाई गं, बाळंतपणाची कळ लावती ती. माझी सून रात्रीपासून अडलीय. मी रडून राहिले, तर सुईणीनं मलाच भाईर हाकललं."

"मग तुम्हाला कळणार कसं?"

"थाळी वाजवतेत. पोरगा झाला तरच. पोरगी झाली तर न्हाई." तिनं पुन्हा खाली कान लावला. "मी सांगून आले, पोरगी झाली तरी वाजवा. गप राहिले तर मी काय समजू?"

त्यानंतर मला एकही फूल नीट दिसलं नाही. मीही कान लावून चालत होते. मैत्रिणींच्या हसण्याचा राग येत होता.

उतारावर आलो, तेव्हा खालून थाळीचा आवाज आला. ती मटकन गवतात बसली.

"मुलगा झाला वाटतं!" आमचे सर म्हणाले.

"काय की," ती डोळे पुसत म्हणाली. "वाजली ना."