वळवलेली कड

सिताराम येलवे गिटार दातांनी ऐकायचा. सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण तुर्भ्याच्या त्या वस्तीत सगळ्यांनी ते पाहिलेलं होतं. नवी गिटार जोडून झाली की तो तिच्या खोक्याची कड दातांत धरायचा, तारा छेडायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. जबड्यातून आत उतरणारा घुमारा त्याला कळायचा. कानांनी त्याची साथ केव्हाच सोडली होती.

अठ्ठावीस वर्षं तो ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या एका कारखान्यात खरादीवर होता. गरगर फिरणाऱ्या पत्र्यावर लोखंडी दांडा दाबायचा आणि त्याचा टोप नाहीतर झाकण काढायचं, हे त्याचं काम. पाठीमागे दोन प्रेस दिवसभर आपटत असत. कानात घालायला कापूस होता, तोही घरून नेलेला. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग बायकोच्या बांगड्या. ढोलकी, ट्रक, ढगांचा गडगडाट असले जाडेभरडे आवाज तेवढे उरले. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाने प्रत्येकाला एकेक टोप भेट दिला, म्हणजे ज्याने घडवला त्यालाच! सितारामने टोप नाकारला आणि मोडीत निघालेली एक जुनी खराद मागून आणली.

गिटारचा नाद भंगारातून लागला. ओळखीच्या भंगारवाल्याकडे एक फुटकी परदेशी गिटार आली होती. तिच्या पोटात पत्र्याचा पातळ, पसरट, शंकूसारखा कोन बसवलेला होता. तारा वाजल्या की तो कोन थरथरतो आणि आवाज मोठा करतो, असं सुगतने त्याच्या कानाशी ओरडून समजावलं. सुगत म्हणजे विहाराच्या गायन पार्टीचा म्होरक्या. एरवी कारकून, सुट्टीच्या दिवशी भीमगीतं. तरुणपणी सितारामही त्याच पार्टीत बेंजो वाजवायचा. पण त्या दिवशी त्याचं सुगतकडे लक्षच नव्हतं. कोनावर खरादीच्या गोल रेघा दिसत होत्या. जगाच्या पाठीवर कुठेतरी आपल्याच जातकुळीच्या कारागिराने दांडा दाबून हा घडवला, आणि त्याचं झाकण न होता वाद्य झालं, या गोष्टीने तो अगदी पछाडला. दोन दिवस धड जेवलाही नाही.

मग सुरू झालं. अंकुश टेम्पोवाला उरणच्या गोदामांतून पाइनची मोडकी खोकी आणून द्यायचा. पाडलेल्या इमारतींच्या सागवानी चौकटींतून गिटारीची मान निघायची. कोन मात्र सितारामच्या स्वतःच्या हातचा. त्याची कड तो झाकणासारखी बाहेर वळवून घट्ट दाबायचा. धार सोडून भांडं हातावेगळं करायचं नाही, कुणाच्या तरी घरची बाई हात कापून घेईल, हे कारखान्यात काम शिकवणाऱ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं त्याचं होतं.

सहा वर्षांत नऊ गिटारी झाल्या. प्रत्येक वेळी तो बायकोला, वेणूबाईला, समोर बसवायचा. वाजवून झाल्यावर तिच्या ओठांकडे बघत विचारायचा, "कसं वाजतंय?"

ती म्हणायची, "छान."

नववी गिटार त्याने विहाराला दिली. सुगतने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि बुद्धपौर्णिमेला हीच वाजवीन म्हणाला. सितारामला दुसरं काही नको होतं. बेंजो सुटला होता, गाणं ऐकू येत नव्हतं. आपल्या हातचं काहीतरी त्या माणसांत वाजतंय, एवढं कळलं असतं तर उरलेले दिवस त्याने सुखाने काढले असते.

पौर्णिमेच्या संध्याकाळी तो इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला. ढोलकी छातीत वाजत होती. सुगत मन लावून गिटार छेडत होता, बोटं भराभरा फिरत होती. सितारामचा ऊर भरून आला. मधल्या वेळात तो स्टेजच्या बाजूला पाणी प्यायला गेला, आणि सहज त्याची नजर गिटारचा आवाज स्पीकरवर नेणाऱ्या वायरीवर पडली. वायर सतरंजीखालून मागे गेली होती. टेबलाच्या पायाला तिचे दोन वेढे दिलेले होते आणि पिन तशीच मोकळी लोंबत होती. स्पीकरच्या मशीनला जोडलेलीच नव्हती.

तो परत येऊन जागेवर बसला. कार्यक्रम संपेपर्यंत बसला. टाळ्याही वाजवल्या. त्याला इतकी लाज वाटत होती की मान वर करवेना.

घरी आल्यावर त्याने वेणूबाईला दिव्याखाली उभं केलं. "खरं बोल. कसं वाजतं?"

तिने आधी दार लोटून घेतलं. मग त्याच्या डाव्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाली, "भात उकळताना टोपावरचं झाकण थरथरतं ना, तसं. चिरचिर करतं."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

"आणि तू छान म्हनायचीस?"

"तुमी दातांत धरून डोळे मिटायचात. तोंडावर इतकं समाधान असायचं. कसं सांगनार होते मी?"

त्याला राग आला, पण तो कुणावर काढावा हेच कळेना. झाकण का थरथरतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार! वळवलेल्या कडेच्या घडीत पोकळी राहते, तिथला पत्रा पत्र्यावर आपटतो. झाकणाला ते चालून जातं. कुणाचा हात कापू नये म्हणून घेतलेल्या काळजीनेच नऊच्या नऊ वाद्यं नासवली होती, आणि तो बारीक आवाज नेमका त्याच्याच कानांतून कधीचा गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने सुगतकडून गिटार परत आणली. सुगत खाली बघत "काका, ते..." एवढंच म्हणाला. सितारामने कोन काढला आणि कातरीने सगळी कड कापून टाकली. जन्मात पहिल्यांदा उघडी धार सोडली. बसवताना अंगठा कापला, तर वेणूबाईने चिंधी बांधली.

मग ती समोर बसली. त्याने तारा छेडल्या.

ती ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले. "गेली ती थरथर. आता खरंच छान वाजतंय."

सिताराम तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. चेहरा तोच होता, सहा वर्षं छान म्हणत आलेला. सुगतला विचारावं तर तो कपाळाला लावून मोकळा होईल. अंकुशही वाहवाच करील. सगळी वस्ती भली माणसं होती.

"खरं?" त्याने विचारलं.

"तुमची शप्पत."

त्याने खोक्याची कड दातांत धरली आणि पुन्हा एकदा तारा छेडल्या. जबड्यात घुमारा उतरला. पहिल्या गिटारीच्या वेळी उतरला होता तसाच.