तीन मास्तरांचं कोटेशन

रोज सकाळी ऑफिसात आल्यावर प्रणितशेठ आधी मुलीचा फोटो काढायचे. काचेचं टेबल, त्यावर उघडं गणिताचं पुस्तक आणि पुस्तकापुढे मान खाली घातलेली पंधरा वर्षांची मनस्वी. फोटो लगेच स्टेटसला जायचा, खाली ओळ: ‘आमचं होमस्कूलिंग’. मग शेठ वाळूवाल्याला फोनवर शिव्या द्यायला मोकळे. जूनपासून पुस्तक त्याच पानावर उघडं होतं, बदलायचा तो फक्त मनस्वीचा ड्रेस. बघणारे अंगठे पाठवायचे. पान कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी तिला मराठी शिकवायला सुकापूरच्या त्या साइट-ऑफिसात जात असे, म्हणून मला ते पान ठाऊक.

शेठचे वडील महादेवबाबा उरणकडच्या मिठागरात राबले. जमीन सरकारनं घेतली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर सात मजले चढले आणि प्रणितचे प्रणितशेठ झाले. यात वाईट काही नाही. वाईट एवढंच, की तेव्हापासून जगातली प्रत्येक वस्तू त्यांना भाव करून घेण्यासारखी दिसू लागली. मनस्वी आठवीत असताना शाळेच्या पालकसभेत त्यांना बाकावर ताटकळत ठेवून एका डॉक्टरांना आधी आत घेतलं, आणि वर पोरगी गणितात नापास असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेठनी दाखला काढून आणला. त्यांचं शैक्षणिक तत्त्वज्ञान ते एवढंच. इंग्रजी नाव त्याला नंतर एका सेमिनारमध्ये मिळालं.

शिकवणं म्हणजे काय, तर कुणी कॉन्ट्रॅक्टर आला की चहा येईपर्यंत मुलीला उभं करायचं. “सांग गो, खाली ट्रक उभा हाय, वाळू किती ब्रास?” ती बोटांवर मोजत राहायची. पाहुणा हसायचा. शेठही हसायचे, जरा उशिरा. मनस्वी खाली बसून वहीच्या कोपऱ्यात पेन दाबत राहायची, कागदाला भोक पडेपर्यंत.

मग दहावी आली. मुक्त विद्यालयाच्या फॉर्मवर विषय भरायचे होते आणि तिथे गणित न घेताही दहावी होता येतं. मनस्वी एकदा मला हळूच म्हणाली, “टीचर, मला अकरावीला सायन्सला जायचंय. कॉलेजात. बाकावर बसून.” गणित सोडलं तर ते दार जवळजवळ बंदच होणार होतं. ठरवणार मात्र शेठ.

शेठना ठरवायची एकच रीत ठाऊक. त्यांनी तीन शिक्षकांना एकाच रविवारी बोलावलं आणि लाद्यांचे नमुने घेऊन येणारे विक्रेते जिथे बसत, त्या बाकावर तिघांना शेजारी शेजारी बसवलं. मी आणि मनस्वी काचेच्या टेबलाशी.

“एकेकानं रेट बोला.”

निनाद नावाच्या टाय लावलेल्या तरुणानं लॅपटॉप उघडला. “सर, आमचा अमेरिकन कोर्स आहे. रोज एक व्हिडिओ. तुम्ही आणि मुलगी सोबत बसून बघायचं.”

“अमेरिकेत चालतो ना? मग पनवेललापण चालंल.”

दुसरे सुशांतसर अनुभवी होते. “शेठ, कशाला ताप? गणितच काढून टाकू. चित्रकला, गृहविज्ञान भरू. नव्वद टक्के कुठे गेले नाहीत.”

शेठचा चेहरा उजळला. नापास व्हायला जागाच ठेवायची नाही, ही कल्पना त्यांना फार आवडली. “गॅरंटी?”

“लेखी देतो.”

तिसऱ्या शांतीबाई. गावातल्याच एका दुकानाच्या गाळ्यात त्यांचा क्लास चालायचा. “माझ्याकडे गॅरंटी नाही. पूर्ण गणित घ्यायचं, रोज क्लासला यायचं. केबिनमध्ये मी शिकवत नाही.”

“माझी पोरगी गाळ्यात बसंल?”

“बाकीच्यांची बसतात.”

शेठ सुशांतसरांकडे वळले. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मनीषावहिनी, शेठच्या पत्नी, ट्रे आपटत म्हणाल्या, “लाद्या घेताना तरी मला इचारलं होतं. पोरीला इचारलं का?”

चारचौघांत शेठना आता मागे फिरता येईना. “बोल गो. कंचा पायजे?”

“शांतीबाईंचा क्लास.”

“गणित येतं का तुला? साधी वाळू मोजता येत नाय!”

“येते मोजता.” तिनं मान वर केली. “तुमी बाजूला बसलात की नाय येत, बाबा.”

बाकावरचे तिघं चहात बघू लागले. शेठना एकच प्रश्न सुचला, आणि तो त्यांनी अगदी मनापासून विचारला.

“मंग स्टेटसला काय टाकू?”

“कायच नको.”

फॉर्मवर गणित भरलं गेलं. शेठनी शांतीबाईंकडे फी कमी करून मागितली, मिळाली नाही. गावभर मात्र सांगितलं, की बाईच मागं लागली होती.

संध्याकाळची माझी वेळ क्लासमध्ये गेल्यानं माझं काम संपलं. पहिल्या दिवशी मनस्वीनं सोबत यायला सांगितलं म्हणून गेले; तीच आमची शेवटची भेट. चालत जाण्याएवढं अंतर, पण शेठनी गाडी काढली. मनस्वी थेट मागच्या रांगेत गेली. एका मुलीनं दप्तर सरकवून तिला जागा केली. शेठ पांढरे बूट घालून दारात उभे राहिले, उजेड अडवून. मुलं खुसखुसली. आत या, असं कुणी म्हणालं नाही. विकत घेण्यासारखं तिथे काही नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

आता इथेही वाळूचा हिशेब विचारतात, असं मला वाटलं.

“बाई,” ते शांतीबाईंना म्हणाले, “तो पंखा जरा मागच्या लायनीकडं फिरवा.”