हात कोरडे ठेवा

"हात दाखव."

पोरं ताटं घेऊन रांगेत बसलेली. दोन मास्तर दारात उभे. मी वरणाची पळी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. दहा नखं. जाड, पिवळी, अर्धी उचकटलेली.

"पाहा मास्तर, अशा हातानं पोरायले खाऊ घालून राहिली ही. छूत लागंन साऱ्यायले."

बोलणारी आमच्या बचत गटाची अध्यक्ष, धान गिरणीवाल्याची बायको. लाखनी तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत दुपारचं जेवण आमचा गट शिजवतो. कामाची यादी मी ठेवते. कोण तांदूळ निवडेल, कोण भाजी चिरेल, कोण भांडी घासेल. अध्यक्षबाई कशालाच हात लावत नाहीत. उजवा हात सदा पदराखाली. मोठ्या घरचा थाट, असं आम्ही म्हणायचो.

"उद्यापासून तू फक्त भांडे घास," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. ते मान हलवणं मला आजही टोचतं.

सोरायसिस मला बारा वर्षांपासून. तो कोणाला लागत नाही, हे ठाऊक होतं. पण भांडी घासता घासता महिन्याभरात नखांच्या कडा सुजल्या, ठणकू लागल्या. मेडिकलमधून ट्यूब आणून लावली. वाढलंच. शेवटी भंडाऱ्याला चामडीच्या डॉक्टरकडे गेले.

बाकावर अध्यक्षबाई. उजवा हात उघडा, मांडीवर. माझीच नखं, तिच्या बोटांना. मला पाहताच हात पदरात गेला.

"ॲलर्जी आहे मले."

मी काही विचारलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी माझं नख खरवडून तपासलं. सोरायसिसने कमजोर झालेल्या नखात बुरशी शिरली होती. ट्यूबमधल्या स्टिरॉइडने ती आणखी पोसली. "सोरायसिस पसरत नाही," त्या म्हणाल्या. "बुरशी आहे तोवर टॉवेल, नेलकटर वेगळं ठेवा. हातमोजे घालून खुशाल स्वयंपाक करा. आणि हात कोरडे ठेवा."

हात कोरडे ठेवा! परतीच्या एसटीत तेच डोक्यात. अध्यक्षबाईच्या घरी धुण्याभांड्याला बाई. आधी बरी होणार तीच. तिच्या बांगड्यांचा हेवा मला कधी वाटला नाही. त्या कोरड्या हाताचा वाटला. रोग एकच. तिचा झाला तर ॲलर्जी, माझा झाला तर छूत.

गटाच्या बैठकीत मी नवी यादी ठेवली. भांडी घासायची पाळी सगळ्यांची, अध्यक्षबाईंसकट. रबरी मोजे चार जोड. स्वयंपाकात पहिलं नाव माझं. सोबत डॉक्टरांचा कागद.

"अवो माय, अध्यक्षबाई भांडे घासतीन?" शेवंताबाई हसली. "मंग मी मोबाईलात फोटोच काढतो."

"तुहं नाव खोड," अध्यक्षबाई मला म्हणाली.

तिच्या हाताचं सांगून टाकावं, असं अगदी जिभेवर आलं. नाही सांगितलं. दया आली म्हणून नाही. ती 'छूत'ची शिवी मला पुन्हा ऐकायचीच नव्हती, कोणाच्याही नावानं.

मी पेन तिच्यापुढे धरला.

"तुमीच खोडा, बाई. उजव्या हातानं."

पदर हलला नाही. नाव राहिलं.

हेवा गेलेला नाही. जाणारही नाही. पण मोजे आल्याशिवाय मी एकही ताट घासणार नाही. आणि पुन्हा कोणी 'हात दाखव' म्हटलं, तर माझे पदरात ठेवून विचारीन, आधी तुमचे कुठं आहेत?