रत्नमालेचे पाचोडचे चार दिवस

रत्नमाला हर्सूलच्या अंगणवाडीत मदतनीस. वीस वर्षं लोकांच्या लेकरांची नाकं पुसली, खिचडी शिजवली. गल्लीत कुणाची तिच्याकडे बोट दाखवायची हिंमत नव्हती. दाखवलं ते घरातल्यानंच.

नवरा मोतीराम चिकलठाण्याच्या एका कंपनीत गेटवर वॉचमन. बारा तासांची ड्यूटी, जाड टेरिकॉटचा गणवेश, वर घट्ट पट्टा. भीमजयंतीच्या आधी त्याला नको त्या जागी खाज सुटली. डॉक्टरला दाखवायचं तर लाजेनं जीव जाणार. सोबतच्या पुंजारामनं मेडिकलवाल्याकडची एक ट्यूब सांगितली. दोन दिवस गार वाटलं, आठवड्यात दुप्पट उलटलं. मग दुसरी ट्यूब, तिसरी, चौथी. तांब्यावर तांबे पाणी प्यायचा, त्याचं कारण उन्हाळा.

मे महिन्यात भावाचा पाय मोडला म्हणून रत्नमाला चार दिवस पाचोडला राहून आली. घरी पाऊल टाकलं तर मोतीरामची थोरली बहीण केसरबाई बसलेली. तिच्यासमोर तो म्हणाला, "हे माझं नाय. हिनं आणलंय."

खाज भीमजयंतीच्या आधीची, पाचोड मेमधलं. पण संशयाला कॅलेंडर कुठं वाचता येतं! केसरबाईनं तिच्या हातचा चहा घेतला नाही. उठून गेली, ती शेजारणींच्या ओट्यावर.

रत्नमाला भांडली नाही. दुसऱ्या दिवशी एकटीच सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणी करून आली. काही निघालं नाही. कागद नवऱ्यापुढं ठेवला, त्यानं घडी उलगडलीसुद्धा नाही. पुढं कातडी चिरली, लघवीला गेलं की डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा कुठं तो दवाखान्यात गेला. तोही तिला बाहेर बाकावर बसवून. आत डॉक्टरांनीच बोलावलं तिला.

बुरशी दिसतेय, डॉक्टर म्हणाले. ट्यूबांमध्ये स्टिरॉइड होतं, त्यानं खाज दबली आणि बुरशी माजली. रक्तातली साखर तीनशे बारा निघाली होती. त्यांनी बुरशीचं साधं मलम दिलं, दोन वेळा, दोन आठवडे; साखरेसाठी गोळ्या लिहून दिल्या. साबण नको, नुसत्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, सुती कपडे घालायचे. साखर आटोक्यात आली नाही तर हे परत होईल, हेही बजावलं.

रत्नमालेनं एवढंच विचारलं, "साहेब, मी दिलं का हे यांना?"

"नाही हो बाई. ही साखरेची करणी. यांच्याकडून तुम्हाला लागलं नाही, हेच नशीब."

मोतीराम भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत राहिला.

पंधरा दिवसांत तो बरा झाला. केसरबाई भेटायला आली. रत्नमाला चुलीपाशीचं काम टाकून दारात उभी राहिली. आता तरी मोतीराम खरं बोलेल. त्यानं शुगर सांगितली, गोळ्या दाखवल्या, पथ्य सांगितलं. बाकीचं गिळलं.

"डॉक्टर काय म्हणले, ते सांगा की अक्कांना," ती म्हणाली.

"काय म्हणले? गोळ्या घ्या म्हणले." त्यानं पायात बूट सरकवले आणि ड्यूटीला निघून गेला.

मग तिनंच सगळं सांगितलं, कागदासकट. केसरबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"असंल बाई. पण आता त्याला शुगर हाये. त्याच्या जिवाला घोर नको लावू."

आठवडाभर गल्ली मोतीरामच्या साखरेची विचारपूस करत होती. कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी मेथीदाणे. आणि जो तो जाताना रत्नमालेला म्हणे, सांभाळ गं त्याला.