थोरलीनं पाठवलेली गिऱ्हाइकं

धाकटीचं कौतुक ऐकलं की थोरलीच्या पोटात दुखायचं. उगाच गोडगोड बोलण्यात अर्थ नाही, जे आहे ते आहे. लहानपणापासून आईचं एकच पालुपद, "शिक जरा धाकटीकडून!" धाकटीनं बंद पडलेला मिक्सर चालू केला, शिक जरा. धाकटीनं उसवलेल्या पडद्याला टीप मारली, शिक जरा. थोरली वर्गात पहिली आली की मात्र आई "बरं झालं" म्हणायची आणि कुकर लावायला वळायची. आता सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही?

दोघी एकाच कॉलेजात होत्या. थोरली दुसऱ्या वर्षाला, धाकटी पहिल्या. यंदा व्यवसाय शिकवणाऱ्या मॅडमनी जाहीर केलं, की जिन्याखालची रिकामी खोली एका विद्यार्थ्याला धंद्यासाठी वर्षभर फुकट मिळेल. "कागदावरच्या कल्पना नकोत मला," मॅडम म्हणाल्या. "महिनाभर धंदा करा आणि गिऱ्हाइकं दाखवा."

थोरलीनं ठरवलं, ही खोली मिळवायचीच. आईला तिथं आणून उभं करायचं आणि मग बघू काय म्हणते ती. तिनं अख्ख्या कॉलेजात फिरून विचारलं, "परीक्षेच्या सामानाचं तयार पाकीट मिळालं तर घ्याल का?" सगळे म्हणाले, "वा, काय कल्पना आहे!" तिनं पेनं, पट्ट्या, खोडरबर आणून पाकिटं बांधली, वर रिबीन लावली. विकायला बसली, तर तेच सगळे म्हणाले, "अगं, पेन आहे की माझ्याकडे." तोंडावर नाही म्हणायला लोक लाजतात, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि धाकटी? तिनं धंद्याचा विचारसुद्धा केला नव्हता. वर्गातल्या एकीच्या दप्तराची चेन उघडी पडली, हिनं पकडीनं रनर दाबून दिला, चेन झकास लागली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी बॅगा घेऊन हजर.

"ताई, मीसुद्धा भाग घेऊ का गं? चेन दुरुस्तीला धंदा म्हणतात का?"

"घे की! मॅडमना तेवढीच करमणूक," थोरली म्हणाली. रिबिनी लावलेली पाकिटं कोपऱ्यात पडून होती आणि तिचा नुसता जळफळाट चालला होता.

मग तिला एक युक्ती सुचली. हिला एवढं काम येऊ दे, की नाकी नऊ आले पाहिजेत! आपली पाकिटं सोडून ती भेटेल त्याला सांगत सुटली, "चेन बिघडलीय? माझ्या बहिणीकडे जा. काहीही असो, ती उद्याच्या उद्या देते." खेळाडूंच्या फाटक्या बॅगा पाठवल्या, गिर्यारोहकांचा तंबू पाठवला, ग्रंथपालबाईंची जुनीपुराणी सूटकेससुद्धा पाठवली. ही रडेल, लोक खवळतील, आणि सगळं आटोपेल, असा तिचा हिशेब.

पण धाकटी रडली नाही. होणारं काम घ्यायची आणि न होणारं सरळ परत करायची. "हे नाही होणार हो, उद्या तर मुळीच नाही. ताईला ना माझं भारीच कौतुक, म्हणून बोलली असेल." लोक हसायचे, खवळायचे नाहीत. उलट दुसरी बॅग घेऊन यायचे.

महिना संपला तेव्हा मॅडम स्वतः आल्या. धाकटीच्या टेबलापुढे ही रांग! मॅडमनी रांगेतल्या एकाला विचारलं, "तुम्हाला हिच्याबद्दल कुणी सांगितलं?"

"हिच्या ताईनं."

दुसऱ्याला विचारलं, तिसरीला विचारलं. तेच उत्तर. मॅडमनी खोलीची किल्ली धाकटीला दिली आणि थोरलीच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "स्वतः स्पर्धेत असून बहिणीला गिऱ्हाइकं आणून दिलीस. शाबास!" टाळ्या पडल्या. थोरलीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण गडप व्हावं.

घरी धाकटीनं ही सगळी कहाणी रंगवून रंगवून सांगितली. आई ताट वाढता वाढता थांबली. थोरलीकडे बघत राहिली, पदरानं डोळे पुसले आणि धाकटीला म्हणाली, "मनाचा मोठेपणा बघ. शिक जरा थोरलीकडून!"

जन्मभर याच वाक्याची वाट बघितली होती तिनं. आता ते ऐकलं आणि ती पानातला भात नुसता चिवडत बसली. तिनं चोरून धाकटीकडे पाहिलं. वाटलं, आता तरी हिचा चेहरा उतरेल, हिलाही कळेल कसं लागतं ते.

धाकटीनं हसून मान डोलावली, "खरंच गं आई," आणि उठून ताईच्या पानात भाजी वाढली.