नानांनी परत पाठवलेला पेपर

माझा पहिला पेपर तपासायला नानांनी चक्क नकार दिला होता.

आज त्यांचा तेरावा. म्हणून हे सांगतेच.

नाना म्हणजे माझ्या आजीचे धाकटे भाऊ. धारला कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेले. आणि मी देवासची, इतिहासात पीएचडी करणारी, जरा ओव्हरस्मार्ट.

माझा पेपर होता विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या देवासमधल्या विहिरींवर. तेव्हा गाव एक आणि राजे दोन. थोरली पाती, धाकटी पाती. दोघांची दप्तरं, म्हणजे सरकारी नोंदी, वेगळ्या.

हा पेपर छापून आल्याशिवाय माझा थीसिस जमा होणार नव्हता.

जर्नलवाले लेखकाचं नाव झाकून पेपर दोन जाणकारांकडे पाठवतात. कोण वाचतंय ते आपल्याला कळत नाही. कोणी लिहिलंय ते त्यांना कळत नाही.

म्हणे.

एक दिवस नानांचा फोन. "बेटा, तुझा पेपर रिव्ह्यूला माझ्याकडे आला होता. परत पाठवला."

"माझा आहे हे कसं कळलं?"

"विहिरीच्या फोटोत तुझी गुलाबी स्कूटी उभी आहे."

मी उडालेच. "अहो मग परत कशाला? यस म्हणून टाकायचं ना यार नाना!"

"एडिटरला लिहिलं, ही माझी नात आहे. मी कसा पास करू?"

महिनाभर मी बोलले नाही. मग धारला गेले तेव्हा राहवेना. "बरा तरी होता का?"

"पोहे घे अजून."

बस. एवढंच.

मग जर्नलचा मेल आला. रिजेक्ट.

कुणा अनोळखी रिव्ह्यूअरनं लिहिलं होतं, एकच विहीर दोनदा मोजली आहे. दोन दप्तरांत नावं दोन आहेत, विहीर एकच.

कुठली? तीच. स्कूटीवाली. माझ्या घरामागची!

रडतच फोन लावला. "तुम्हाला दिसलं होतं?"

"तिसऱ्या पानावर."

"आणि गप्प बसलात?"

"पेपर मला एडिटरनं दिला होता गं, तू नाही. त्यातलं तुला कसं सांगणार? आता एडिटरनंच तुला कळवलंय. उद्या येतो."

आले. इंदूरला बस बदलून, दुखरा गुडघा घेऊन. विहिरीभोवती पावलं मोजत फिरले.

मी म्हटलं, "नाना, टेप आहे माझ्याकडे."

"दुसरं टोक कोण धरणार? तू तर रडते आहेस."

शेजारचे एक म्हातारे बा ओट्यावरून बघत होते. हसून माळवीत म्हणाले, "बई, कुओ तो एकज हे. पाणी दोई राज का लोग भरता था."

नाना माझ्याकडे वळले. "घ्या. देवासची मुलगी, आणि हे दाखवायला धारवाला पाहिजे."

पेपर पुन्हा लिहिला. विहीर एकदाच मोजली. फोटो स्कूटीशिवाय काढला. पुन्हा पाठवला.

निवडला गेला!

आभारात नानांचं नाव घालणार होते. त्यांनी खोडायला लावलं. "चूक त्या अनोळखी माणसानं पकडली. आभार त्याचे मान."

काल त्याच जर्नलचा मेल आला. एक पेपर आहे, रिव्ह्यू कराल का? धारजवळच्या नालछ्याच्या रस्त्यावरच्या जुन्या धर्मशाळा, काळ तोच. नाव झाकलेलं.

पहिल्याच पानाखाली टीप होती. अंतरं पावलांनी मोजली आहेत, लेखकाचा डावा गुडघा दुखतो, तेव्हा थोडी कमी धरावीत.

मी कितीतरी वेळ ती टीपच वाचत बसले.

यस लिहावंसं खूप वाटलं. शेवटचा आहे हो त्यांचा.

मग एडिटरला लिहिलं. हे माझे आजोबा आहेत, मी रिव्ह्यू करू शकत नाही. ते आता नाहीत. काही दुरुस्ती निघाली तर कळवा, अंतरं मी पुन्हा मोजून देईन.

पुढचं पान उघडलं नाही.

नाना, तुमचा पेपर परत पाठवला.

छापून आला की वाचेन. येणारच आहे.

नमस्कार करते.